चुन्यातली जुनी दुकानी इमारत: सिमेंटने भरलेल्या दरजा काढाव्यात का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

भर बाजारपेठेत आमची एकत्र मालकीची दुमजली इमारत आहे. खाली दुकानं चालू आहेत, वरचा मजला कित्येक वर्षं रिकामा. बांधकाम विटांचं आणि चुन्यातलं, दुकानांच्या ओळीला बिडाचे (ओतीव लोखंडाचे) खांब, वरच्या खिडक्यांवर विटांच्या कमानी. मधल्या काळात सगळं दर्शनी तोंड पत्र्याच्या पडद्याने झाकलेलं होतं. तो उतरवला आणि कमानी जवळजवळ धड निघाल्या. मला इतका आनंद झाला की ही इमारत आता नीटच करायची असं ठरवून टाकलं. पत्रा अडकवायला मारलेल्या खुंट्यांची भोकं मात्र सगळीकडे आहेत.

खरी काळजी खालच्या भागाची आहे. तिथे कधीतरी दरजा, म्हणजे विटांमधले सांधे, सिमेंटने भरल्या आहेत. सिमेंट जागच्या जागी घट्ट आहे, पण त्याच्या मधल्या विटा आत गेल्यात. बोट फिरवलं की लाल भुकटी हाताला येते, पापुद्रे सुटतात, पावसाळ्यानंतर पांढरा क्षार फुटतो. वरच्या मजल्यावर जुना चुना तसाच आहे आणि तिथल्या विटांच्या कडा अजून शाबूत आहेत. एकाच भिंतीत हा फरक बघून वाईट वाटतं.

ठेकेदाराचं म्हणणं, वाळूचा मारा करून जुना रंग उडवू, दरजा पुन्हा सिमेंटने भरू आणि वरून पाणी अडवणारा पारदर्शक लेप देऊ. मला हे पटत नाही, पण त्याला उत्तर द्यायला माझ्याकडे पुरेशी माहिती नाही. भागीदारांपैकी एकजण तर म्हणतात, पाडून नवीनच बांधू. कृपया जाणकारांनी सांगावं: सगळं सिमेंट काढायचं का? सुरुवात कुठून करायची?

प्रतिसाद १

आधी ठेकेदाराला थांबवा. वीट भट्टीत भाजताना तिच्या बाहेरच्या अंगाला कठीण कवच येतं. वाळूच्या माऱ्यात तेच जातं, आणि आतली मऊ वीट पाणी पिऊ लागते. ते नुकसान भरून येत नाही.

तुमच्या भिंतीत जे झालंय त्याचं कारण सरळ आहे. चुना विटेपेक्षा मऊ आणि सच्छिद्र असतो, त्यामुळे भिंतीतला ओलावा दरजांतून बाहेर पडतो आणि झिजायची ती दरज झिजते. सिमेंटने ती वाट बंद केली. आता ओल विटेतूनच बाहेर येते, क्षार विटेच्या तोंडाशी साठतात आणि पापुद्रे फुटतात. पारदर्शक लेप दिलात तर ओल आणखी कोंडेल.

पण दरजांना हात लावण्याआधी पाणी बघा. पन्हळी, पावसाच्या पाण्याचे नळ, कठड्याचा माथा, दुकानासमोर वाढलेली फरसबंदी. पाणी मुरतंय तोवर दरजांवरचा खर्च वाया जाईल.

सिमेंट सरसकट काढू नका. जिथे ते विटेला पक्कं चिकटलंय आणि विटा बऱ्या आहेत, तिथे काढताना कडाच तुटतील. तो भाग राहू द्या. जिथे विटा फुटतायत तिथे काढा, छिन्नी-हातोडीने. उभ्या दरजांत कटर चालवला की वरखालच्या विटा हमखास चिरल्या जातात. खोली दरजेच्या रुंदीच्या दोन ते अडीच पट ठेवा, म्हणजे १० मिमीच्या दरजेला २० ते २५ मिमी. दरज धुऊन ओलसर करा, चुना थराथराने दाबून भरा आणि काही दिवस ओल्या गोणपाटाने झाकून ठेवा. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन सावकाश कडक होतो, कडक उन्हात भरलात तर नुसता वाळेल आणि भुगा होईल.

रंग कोरडा खरवडू नका, जुन्या रंगात शिसं असू शकतं. रसायनाचा लेप कोपऱ्यात लावून बघा, मग ठरवा.

धागाकर्ता

मनापासून आभार. भागीदारांना दाखवायला हेच हवं होतं. अजून एक, एका कमानीवरची नक्षी पूर्ण गेली आहे आणि जुना फोटो सापडत नाही. शेजारच्या इमारतीसारखी करून घेऊ का?

प्रतिसाद २

नको. जुन्या वास्तूंच्या जतनाची आंतरराष्ट्रीय तत्त्वं सांगणाऱ्या १९६४ च्या व्हेनिस सनदेत हे स्वच्छ म्हटलंय: जिथे अंदाज बांधायला लागतो, तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे. तिथे साधी कमान ठेवा. पुरावा मिळाला तर नक्षी पुढेही करता येईल, खोटी नक्षी मात्र पुढच्यांना चकवेल.

बिडाच्या खांबांवर वेल्डिंग करू देऊ नका. बीड दाबाला भक्कम पण ताणाला कच्चं, उष्णतेने तडकतं. तडा असेल तर ते काम स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवूनच करा.

आणि पाडायचं म्हणणाऱ्यांना वरच्या मजल्याचा हिशेब मांडून दाखवा. अमेरिकेत १९७७ साली नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेने तीन छोट्या गावांत जुन्या बाजारपेठा पुन्हा जिवंत करायचा 'मेन स्ट्रीट' प्रयोग सुरू केला. त्यात दर्शनी तोंडाच्या दुरुस्तीइतकाच भर दुकानदारांना एकत्र आणण्यावर आणि धंदा वाढवण्यावर होता. वर कुणी राहायला किंवा काम करायला आलं की गळती पहिल्या दिवशी कळते. रिकाम्या मजल्यावर ती कळेपर्यंत तुळया कुजतात.

धागाकर्ता

हे पटलं. आमचा गवंडी म्हणतो, चुन्यात मूठभर सिमेंट घातलं तर लवकर धरेल. चालेल का?

प्रतिसाद १

घालू देऊ नका. त्याने चुन्याचा मऊपणा जातो आणि सिमेंटची ताकदही मिळत नाही. लवकर धरायला हवं असेल तर विटांची बारीक भुकटी मिसळा किंवा नैसर्गिक हायड्रॉलिक चुना (पाण्यानेही धरणारा) घ्या, त्यातही २, ३.५ आणि ५ या प्रतींपैकी (आकडा मोठा तितका चुना कडक) मऊ विटेला २ ची. चुन्यात मिसळायची वाळू जुन्याशी जुळवायला वरच्या मजल्यावरचा जुन्या चुन्याचा खडा सौम्य आम्लात विरघळवा, हातमोजे आणि चष्मा घालून. तळाशी राहील तिचा रंग आणि दाणा बघून तशीच वाळू शोधा. मागच्या भिंतीवर एक मीटरभर नमुना करून घ्या, पूर्ण वाळल्यावर रंग जुळला तरच पुढे जा.