पावसाळ्यात पोलरायझर: लावायचा की पिशवीतच राहू द्यायचा?

सह्यकडा (धागाकर्ता)
कासच्या फोटोंखाली परवा एकाने लिहिलं होतं, "एडिटिंग इतकं पुढे गेलंय, आता फिल्टरवर पैसे घालणं म्हणजे वेडेपणा." बाकीच्या फिल्टरांबद्दल मान्य. यूव्ही फिल्टर (अतिनील किरण अडवणारा) डिजिटलमध्ये काच सांभाळण्यापलीकडे फारसं काही करत नाही, आणि रंगीत फिल्टरांचं काम व्हाइट बॅलन्सने, म्हणजे रंगछटेच्या सेटिंगने होतं. पण सीपीएलला, म्हणजे लेन्सपुढे लावून फिरवायच्या पोलरायझर फिल्टरला, त्यांच्या पंगतीत बसवू नका.

पोलरायझर म्हटलं की लोकांना निळंशार आकाश आठवतं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर असं आकाश दिसतं कुठे? त्याची खरी कमाई ढगाळ दिवशी, ओल्या झाडोऱ्यात होते. पान हिरवंच असतं, फक्त त्यावर पांढऱ्या आभाळाचं प्रतिबिंब पसरलेलं असतं. हा परावर्तित प्रकाश बराचसा एकाच दिशेने कंप पावणारा असतो, त्यामुळे फिल्टरची रिंग फिरवली की तो अडतो आणि खालचा रंग दिसू लागतो. ओला कातळ, शेवाळ, तेरड्याची पानं, सगळ्यांचं तेच. पांढऱ्याखाली काय होतं ते फाइलमध्ये आलंच नसेल, तर सॉफ्टवेअर आणणार कुठून?

एफ_आठ
सहमत नाही. आणि उदाहरण कासचं दिलंत म्हणून तर अजिबातच नाही.

पठारावर वारा कधी थांबतो का? सोनकी नि तेरडा सतत डोलत असतात. सीपीएल साधारण दीड स्टॉप प्रकाश खातो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा). म्हणजे १/५०० सेकंदाचा शटर मिळत होता तिथे १/१८० च्या आसपास, फुलं हलली. नाहीतर आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ४०० वरून ११०० वर न्या. ढगाळ उजेडात हा सौदा मला परवडत नाही. रिंग अर्धीच फिरवून परिणाम कमी ठेवला तरी खाल्लेला प्रकाश परत मिळत नाही, हे विकणारे सांगत नाहीत.

आणि चमकेचा भाग पार पांढराफटक पडलेला नसेल तर डिहेझ (एडिटिंगमधलं धूसरपणा काढायचं साधन) आणि हिरव्याचं सॅच्युरेशन मिळून बरंच काम होतं.

सह्यकडा
@एफ_आठ, वाऱ्याचा मुद्दा बिनतोड, फुलांच्या क्लोजअपला मीही काढून ठेवतो. मात्र डिहेझने चमक जात नाही, चमकेभोवतीचा काळोख वाढतो. पानावर पांढरे चट्टे आणखी उठून दिसतात. करून बघा.

रानवाट
मला दोघांचंही पटत नाही. पावसाळ्याच्या फोटोत ती चमक नकोच, हे ठरवलं कुणी? ओलेपणा डोळ्याला कळतो तोच मुळी चकाकीवरून. आंबोलीत रात्री बेडकांचे फोटो काढणारे आम्ही. फ्लॅश आणि लेन्स दोन्हींवर पोलरायझर लावून चमक पूर्ण मारली की बेडूक सुकलेल्या क्लेसारखा दिसतो. रंग भरगच्च येतो, पण जीव जातो. ओल्या कातळाचंही तसंच. तुमचे सीपीएलवाले धबधबे पाहिले की पाऊस कालच थांबल्यासारखं वाटतं.

सह्यकडा
म्हणून तर ती रिंग फिरते राव! पूर्ण मारायचीच असं कुठे आहे? थोडी ठेवा.

रानवाट
थोडी ठेवायची म्हणून दीड स्टॉप द्यायचा? मग एफ_आठ बरोबर बोलतायत.

अजिंक्यतारा
वाचतोय. एक शंका: कुमुदिनी तळ्यावर लावला तर पाण्याखालचं दिसेल का? मी लावून पाहिला, जवळचं पाणी काळं झालं आणि लांबचं तसंच पांढरं राहिलं. फिल्टर खराब आहे का?

प्रकाशवेडा
@अजिंक्यतारा, फिल्टर ठीक आहे, दोष भूमितीचा. पाण्याच्या पृष्ठभागाशी साधारण ३७ अंशांनी पाहिलं की परावर्तन जवळजवळ पूर्ण कापलं जातं. ब्रूस्टर या शास्त्रज्ञाने १८१५ मध्ये मांडलेला नियम. कॅमेरा छातीशी, म्हणजे दीडेक मीटरवर धरलात तर ती जागा तुमच्यापुढे फक्त दोन मीटरवर येते. पलीकडचं पाणी तुम्ही फार तिरकं पाहता, तिथे फिल्टरचा जोर ओसरतो. काठावरची कुमुदिनी टिपायला उत्तम, अख्ख्या तळ्याला नाही.

धाग्याबद्दल: वाइड लेन्सवर आकाशासाठी लावणाऱ्यांना मात्र कुणीतरी आवरा. सर्वाधिक परिणाम सूर्यापासून ९० अंशांवर होतो. १६ एमएम लेन्स फुल फ्रेमवर आडवं सुमारे ९७ अंश पाहते. म्हणजे सकाळी उत्तरेकडे तोंड करून काढलं की मधोमध गडद निळा पट्टा आणि दोन्ही बाजू फिकट. तो पट्टा एडिटमध्ये सरळ करणं हा फिल्टर न लावण्यापेक्षा मोठा व्याप.

एफ_आठ
+१. ऑक्टोबरात राजगडावरून काढलेले असे पट्टेरी फोटो दर वर्षी पाहतो.

मोबाइलछाप
मी तर सीपीएल लेन्सवरून काढतच नाही. काचही सुरक्षित राहते.

प्रकाशवेडा
@मोबाइलछाप, मग इंद्रधनुष्य आलं की रिंग कुठे आहे ते बघा. त्याचा प्रकाश चांगलाच ध्रुवीभूत (एकाच दिशेने कंप पावणारा) असतो. चुकीच्या बाजूला फिरलेली असेल तर कमानीचा तुकडा फोटोतून गायब. शिवाय संध्याकाळी उगाच दीड स्टॉप कशाला घालवता?

अजिंक्यतारा
धन्यवाद. आता घ्यायचाच तर कोणत्या मापाचा? माझ्या लेन्सची तोंडं ५८, ६७ आणि ७७ एमएमची आहेत.

सह्यकडा
एकच ७७ चा घ्या, लहान लेन्सना स्टेप-अप रिंग (मोठा फिल्टर बसवणारी जोडकडी). तीन स्वस्त घेण्यापेक्षा एक बरा. फक्त जुनी किट लेन्स (कॅमेऱ्यासोबत येणारी) असेल तर फोकस करताना तिचं तोंड अनेकदा फिरतं आणि फिल्टरही, म्हणून आधी फोकस करा, मग फिल्टरची रिंग फिरवा.

एफ_आठ
आणि स्टेप-अप लावली की त्या लेन्सचा हूड (पुढचं छत्र) बसत नाही. भर पावसात.