तिसरी-चौथी लाईन पडायच्या आधी रुळांखालून रस्ता मागूया

मनीषा (ए-१०३): सगळ्यांनी प्लीज पूर्ण वाचा, हे फॉरवर्ड नाहीये. आज सकाळी पावणेसातला मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते, आपल्या बिल्डिंगमागे रेल्वेची भिंत जिथे फुटलीये तिथून भाजीवाल्या मावशी डोक्यावर पाटी घेऊन रूळ ओलांडत होत्या. कर्जतकडची गाडी गेली म्हणून त्या निघाल्या आणि तेवढ्यात पलीकडच्या रुळावरून मुंबईकडची आली. हॉर्न एवढा लांब वाजला की अजून कानात आहे. मावशी मागच्या मागे पडल्या, पाटी गेली, त्या वाचल्या. नंतर आपल्या जिन्यात येऊन बसल्या, पाणी दिलं तर ग्लास धरवेना, मला म्हणाल्या ताई आज भाजी नाही हो. दिवसभर मला काही सुचलेलं नाही.

जाधव वहिनी (ए-४०२): अगं बाई गं. लागलं का त्यांना?

मनीषा (ए-१०३): कोपर सोलवटलंय आणि कंबर धरलीये. उद्या पुन्हा तिथूनच येणार म्हणतात, दुसरा रस्ता कुठाय.

निखिल (सी-२०१): वाईट झालं पण स्टेशनला पूल आहे ना, पुलावरून यायला काय होतं? रूळ ओलांडणं गुन्हा आहे, रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. भिंत पक्की करून घेऊ आणि विषय संपवू.

मनीषा (ए-१०३): निखिल, भिंत आत्तापर्यंत तीनदा बांधलेली मी बघितली आणि तीनदा फुटली. पलीकडे शाळा, दवाखाना, रेशनचं दुकान, या बाजूला आपण आणि आपल्याकडे कामाला येणाऱ्या सगळ्या बायका. स्टेशनच्या पुलावरून फिरून यायचं म्हणजे अर्धा तास जास्त, तेही डोक्यावर वीस किलो घेऊन.

पाटील काका (बी-५०२): मनीषा, बरं केलंस लिहिलंस. मी रेल्वेच्या ब्रिज खात्यात नोकरी केली, माझ्या डोळ्यासमोर जे रुळावरून उचलावं लागलं ते इथे लिहीत नाही. डॉ. अनिल काकोडकरांच्या समितीने २०१२ साली रेल्वे सुरक्षेचा अहवाल दिला होता त्यात स्पष्ट लिहिलं होतं की रूळ ओलांडताना देशात वर्षाला जवळपास १५ हजार माणसं मरतात आणि त्यातली साधारण ६ हजार एकट्या मुंबई उपनगरी मार्गावर. यांना अपघातात धरत नाहीत, अनधिकृत प्रवेश म्हणून वेगळी नोंद होते. ती माणसं गुन्हेगार नव्हती, घरी किंवा कामाला निघालेली होती.

आणि मोटरमनला दोष देऊ नका, भरलेली लोकल इमर्जन्सी ब्रेक मारला तरी काही शे मीटर पुढे जाऊनच थांबते. तो फक्त हॉर्न वाजवू शकतो.

ऋतुजा (सी-३०४): काका मी सायकॉलॉजी करतेय तर आम्हाला हे शिकवलं होतं, मोठी वस्तू आहे त्यापेक्षा हळू येतेय असं आपल्या डोळ्यांना वाटतं. म्हणून २०१० च्या आसपास वडाळ्याला रुळांखालच्या आडव्या पट्ट्या, म्हणजे स्लीपर, त्यातले काही पिवळे रंगवून बघितले होते, गाडी रंगीत पट्ट्यांवरून येताना तिच्या वेगाचा अंदाज यावा म्हणून. म्हणजे मावशी निष्काळजी नव्हत्या, त्यांना खरंच वाटलं असणार वेळ आहे. आणि एक गाडी गेली की तिच्या आवाजात दुसरी ऐकूच येत नाही.

पाटील काका (बी-५०२): बरोबर बोललीस पोरी. आणि आता इथे दोन रूळ आहेत, उद्या चार होणार. मुंबई लोकलच्या विस्ताराची एमयूटीपी ३ए योजना आहे ना, त्यातली कल्याण ते बदलापूर तिसरी-चौथी लाईन आपल्याच मागून जातेय. दोन रूळ ओलांडताना हे होतं तर चार रुळांत काय होईल विचार करा, दोन गाड्यांच्या मध्ये उभं राहून तिसरी जायची वाट बघतील लोक.

निखिल (सी-२०१): मग आपल्या इथे पादचारी पूल मागू. सैन्याने एल्फिन्स्टन रोडला केलाच की, सप्टेंबर २०१७ ला चेंगराचेंगरीत २३ जण गेले आणि फेब्रुवारी २०१८ ला नवा पूल खुला झाला. मनात आणलं तर होतं.

पाटील काका (बी-५०२): होतं. पण इथे पूल नको आणि का नको ते नीट सांगतो, जरा लांब होईल.

वरती २५ हजार व्होल्टची तार आहे त्यामुळे पुलाचा खालचा भाग रुळापासून साडेसहा मीटरच्या आसपास वर ठेवावाच लागतो. आपल्या इथे रूळ भरावावर आहेत, जमिनीपासून अंदाजे दोन मीटर उंच. म्हणजे दोन अधिक साडेसहा अधिक पुलाची स्वतःची जाडी, झाले नऊ मीटर. पायरी १५ सेंटीमीटरची धरली तर ६० पायऱ्या चढा आणि ६० उतरा. मावशी चढतील? माझे गुडघे चढतील? दोन महिन्यांत भिंत परत फुटेल बघा.

आता खालून बघा. रुळाखाली साधारण एक मीटर भर, मग स्लॅब, मग आत अडीच मीटर उंची. रुळापासून चार मीटर खाली फरशी आली, त्यातले दोन मीटर भरावातच गेले. म्हणजे जमिनीपासून फक्त दोन मीटर उतरायचं, १३-१४ पायऱ्या. आणि बाराला एक असा उतार दिला तर २४ मीटरचा रॅम्प पुरतो, व्हीलचेअर, बाबागाडी, सायकल, भाजीची हातगाडी सगळं जातं. माणूस सोपी वाट धरतो, ती वाट सुरक्षित करून द्यायची एवढंच.

शेख भाई (बी-१०१): काका पटतंय पण पाणी? मी तळमजल्यावर राहतो. २००५ ची २६ जुलै पण बघितली आणि २०१९ ला महालक्ष्मी एक्सप्रेस वांगणीजवळ पाण्यात अडकली, हजारावर माणसं बोटीने काढली, तेव्हाही उल्हास नदी काय करते ते बघितलं. अंधेरी सबवे दर पावसाळ्यात बंद होतो. आपला तर तलाव होईल.

पाटील काका (बी-५०२): शेख भाई ही शंका सगळ्यात महत्त्वाची आहे आणि अर्जात ती आपणच लिहायची. तोंडाशी आधी चढ देऊन मग उतार द्यायचा, दारातल्या उंबरठ्यासारखा, म्हणजे रस्त्याचं पाणी आत वळत नाही. दोन्ही रॅम्पवर छप्पर. आत दोन्ही कडेला गटार, एका टोकाला खड्डा आणि तिथे दोन पंप, एक बिघडला तर दुसरा, वीज गेली तर जनरेटर. नदीच घुसली तर मात्र गेट लावून बंद ठेवायचा, त्या दोन-चार दिवसांसाठी स्टेशनचा पूल आहेच. मी खोटं आश्वासन देणार नाही. पण वर्षातले ३६० दिवस माणसं रुळावर जाणार नाहीत.

जाधव वहिनी (ए-४०२): आणि रात्री? माझी मुलगी साडेदहाच्या लोकलने येते. भुयारात दारुडे बसले तर ती जाणारच नाही, मी जाऊ देणार पण नाही.

मनीषा (ए-१०३): वहिनी मी पण हाच विचार करत होते. काका वळण न देता सरळ करता येईल का, म्हणजे या टोकाला उभं राहिलं की पलीकडचं टोक दिसेल?

पाटील काका (बी-५०२): सरळच मागायचा. चार रुळांखाली लांबी तीस-पस्तीस मीटर होईल, अरुंद नको, निदान चार मीटर रुंद, भिंती पांढऱ्या, दिवे चोवीस तास. दिव्यांचं आणि पंपाचं बिल कोण भरणार, झाडलोट कोण करणार हे आधीच कागदावर आलं पाहिजे. अशी कामं बहुतेक डिपॉझिट वर्क म्हणून होतात, नगरपरिषद पैसे भरते, हद्दीतलं बांधकाम रेल्वे करते, बाहेरचे रॅम्प नगरपरिषद. मग देखभालीचं काम दोघांच्या मध्ये लोंबकळत राहतं आणि सबवे घाणीने भरतात.

कुलकर्णी (सेक्रेटरी): काका पण चालू रुळांखाली खोदणार कसं? लोकल बंद ठेवणार का?

पाटील काका (बी-५०२): नाही. त्याला बॉक्स पुशिंग म्हणतात. रुळाच्या बाजूला खड्डा करून काँक्रीटची जाड फरशी, म्हणजे थ्रस्ट बेड, टाकायची, त्यावर बॉक्सचे, म्हणजे भुयाराच्या काँक्रीट चौकटीचे, तुकडे ओतायचे, पुढच्या तोंडाला माती कापायची लोखंडी कड, मागून हायड्रॉलिक जॅक. जॅक थोडं ढकलणार, आतली माणसं पुढची माती काढणार, परत ढकलणार. वर रुळाला गर्डरचा आधार आणि गाड्यांना कॉशन ऑर्डर, २०-३० च्या वेगाने जातात. मी हे काम केलंय, वरून गाडी जाते तेव्हा आत उभ्या माणसाच्या छातीत धडधड होते. काम सावकाश चालतं, महागही पडतं, आणि रूळ एक सूत जरी खचला तरी थांबावं लागतं.

आता माझा मुद्दा. नव्या दोन लाईनचा भराव आपल्या मागे अजून पडलेला नाही. तिथे आज मोकळी जमीन आहे. भराव टाकायच्या आधी तेवढ्या भागाचा बॉक्स उघड्यावर, साध्या सेंटरिंगने ओतता येतो, जॅक नको, ब्लॉक नको, कॉशन नको. पुशिंग फक्त जुन्या दोन रुळांखाली. उलट एकदा चार लाईन चालू झाल्या की चारही रुळांखाली ढकलत न्यावं लागेल, खर्च आणि धोका दोन्ही वाढणार आणि फाईलवर पहिलाच शेरा येईल की शक्य नाही. म्हणून म्हणतो आत्ता.

निखिल (सी-२०१): काका हे मला माहितीच नव्हतं. मी भिंतीचं म्हणत होतो ते मागे घेतो. पण अंबरनाथ-बदलापूरच्या मध्ये चिखलोलीला नवं स्टेशन होतंय, तिथून जा असं सांगतील.

पाटील काका (बी-५०२): सांगतील. म्हणून मोजणी लागेल. किती माणसं, किती वाजता, त्यात शाळेची मुलं किती, म्हातारी किती, ओझं घेतलेली किती. डीआरएम, म्हणजे रेल्वेच्या विभागीय व्यवस्थापकांच्या, ऑफिसला नुसतं "नागरिकांची गैरसोय" लिहिलं तर कागद फिरत राहतो, आकडे असले की कोणीतरी जागा बघायला येतो.

कुलकर्णी (सेक्रेटरी): सोसायटीच्या लेटरहेडवर अर्ज मी करतो, प्रत नगरपरिषदेच्या मुख्याधिकाऱ्यांना आणि खासदारांना. शेजारच्या तीन सोसायट्यांच्या सेक्रेटरींशी आज बोलतो. पलीकडच्या चाळीतले लोक पण सहीत हवेत, खरा त्रास त्यांना आहे.

ऋतुजा (सी-३०४): मोजणी मी आणि माझ्या दोन मैत्रिणी करतो, मंगळवार ते गुरुवार सकाळी ६ ते ९. संध्याकाळी कोण?

शेख भाई (बी-१०१): संध्याकाळी मी. २०१९ ला माझ्या भिंतीवर पाणी जिथपर्यंत आलं तिथे खूण केलेली आहे, तिचं माप पण अर्जात घाला, उंबरठा किती उंच हवा ते त्यावरून कळेल.

पाटील काका (बी-५०२): शाब्बास, हेच हवं होतं. टेप घेऊन सकाळी येतो तुमच्याकडे. आणि ऋतुजा, मोजणी भिंतीच्या अलीकडे उभं राहूनच करायची, फोटोसाठी सुद्धा कोणी रुळाजवळ जायचं नाही.

मनीषा (ए-१०३): मावशींना मी सांगितलंय, अर्ज होईपर्यंत भाजी पलीकडेच ठेवा. मी स्कूटरवर जाऊन घेऊन येईन, कोणाला काय हवं ते रात्री इथे टाका.

जाधव वहिनी (ए-४०२): मेथी दोन जुड्या. आणि सहीला मी येते तुझ्याबरोबर चाळीत.