मदत हवी आहे : शेवटचा शब्द ओळखा

नमस्कार मंडळी. सांगलीत नववीच्या पोरांसमोर मेंदू आणि भाषेवर बोलायचंय. ऐकताना मेंदू पुढचा शब्द आधीच हेरून ठेवतो. १९८० मध्ये कुटास आणि हिल्यार्ड या संशोधकांनी वाक्याच्या शेवटी विसंगत शब्द दाखवले, तर साधारण ४०० मिलिसेकंदांनी मेंदूच्या विद्युतलहरीत ठळक फरक दिसला.

काल घरी करून बघितलं. "भडंगावर कांदा घातला आणि वरून लिंबू..." आई लगेच, "पिळलं!" मी म्हटलं, "नेसलं." पोळी लाटता लाटता तिचा हात थांबला. (तब्येत बरी आहे ना, असंही विचारलं.)

आपलं क्रियापद शेवटी, त्यामुळे हा खेळ मराठीत भारीच रंगतो. अशी पाच-सहा वाक्यं सुचवाल का? आणि 'प्रेडिक्शन'ला साधा शब्द? 'भाकीत' म्हटलं की पोरं हात पुढं करतात.