चर्चा: तिला बोहल्यावर कोणी आणायचं?

वाचनवेडी:
एका नवोदित लेखिकेची पहिलीच कादंबरी नुकतीच वाचून संपवली. सरळ सरळ प्रेमकथा आहे आणि नाशिकमध्ये घडते. नायिका तिशीतली, पिंपळगाव बसवंतला द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये कामाला. लहानपणी, आजोळी, उन्हाळ्याच्या सुट्टीत सख्ख्या मामाने तिच्यावर अत्याचार केलेले. आईला ठाऊक होतं, आई गप्प बसली. पुढे गंगापूर रोडच्या एका शाळेतला शिक्षक तिला भेटतो, लग्न ठरतं. आता मंगलाष्टकं सुरू होण्याआधी गुरुजी 'मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं' म्हणणार, तेव्हा काय?

ती मामाला पत्रिकाच जाऊ देत नाही. मावश्यांचे फोन, आईची रडारड, 'चार लोक विचारतील त्यांना काय सांगू', सगळं होतं. ती एकटी चालत बोहल्यावर येते. मामा जिथे उभा राहतो तिथे, तिच्या पाठीशी, आई उभी राहते.

हा विषय प्रेमकथेतच यायला हवा होता, असं मला ठामपणे वाटतं. शेवट गोड आहे हे आधीच माहीत असल्यामुळे मधली अवघड पानं वाचता येतात. आणि हा नायक तिला बरं करत नाही. हात धरण्याआधी विचारतो, 'नको' म्हटलं की थांबतो. आपल्या प्रेमकथांमध्ये मागे मागे फिरणाऱ्यालाच प्रेमिक म्हणायची सवय लागली आहे, म्हणून मला हे मोलाचं वाटलं. लेखिकेने अत्याचाराचं वर्णनही केलेलं नाही. फक्त कडी लावल्याचा आवाज येतो.

सिडकोकर:
ताई, पत्रिका दिली नाही, ही त्या माणसाची शिक्षा? तो आपल्या घरीच आहे ना! सुट्टीत त्याचं घर पोराबाळांनी भरलेलं असतं, असं कादंबरीतच एका ओळीत येऊन जातं. त्या मुलांची आठवण नायिकेला होत नाही, आणि नायकाला, जो शिक्षक आहे, त्यालाही होत नाही. केंद्र सरकारच्या २००७ सालच्या अभ्यासात १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलले होते. त्यातल्या ५३.२२ टक्के मुलांनी कुठला ना कुठला लैंगिक अत्याचार सोसल्याचं सांगितलं, आणि अत्याचार करणाऱ्यांतले निम्मे ओळखीचे किंवा विश्वासातले होते. हे माहीत असताना दोघं हनिमूनला जातात आणि पुस्तक संपतं. मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्याचं कलम १९ सांगतं की ज्याला कळलं त्याने कळवलंच पाहिजे. मला शेवटची पानं वाचताना संताप आला.

कोर्टाच्या_आवारातून:
कायद्यापुरतं बोलते, कारण इथे दोन गोष्टी एकत्र झाल्या आहेत. पॉक्सो १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू झाला. नायिकेवरचा अत्याचार त्याआधीचा, म्हणजे तिची तक्रार जुन्या भारतीय दंड संहितेखाली जाईल. बलात्कारासारख्या गंभीर गुन्ह्याला मुदतीची अडचण नाही, पण इतक्या वर्षांनी वैद्यकीय पुरावा मिळत नाही. उरतो तिचा जबाब आणि आईची साक्ष. त्या खटल्यात उतरायचं की नाही हे तिच्यावर सोडावं, कादंबरीने तिला कोर्टात ओढू नये.

पण त्या घरातल्या आजच्या मुलांबद्दल सिडकोकरांचं म्हणणं मला पटतं. कलम १९ प्रमाणे गुन्हा घडल्याची माहिती असेल तेव्हा कळवायचं, तसं गुन्हा घडण्याची भीती असेल तेव्हाही. मुलांसाठीच्या १०९८ या हेल्पलाइनवर एक फोन कथेत सहज बसला असता.

समुपदेशक_इंदिरानगर:
माझा आक्षेप वेगळा आहे. ज्युडिथ हर्मन या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ बाईंनी १९९२ मध्ये सावरण्याचे तीन टप्पे मांडले: आधी सुरक्षितता, मग आठवणींना सामोरं जाणं आणि शोक, मग पुन्हा नाती जोडणं. इथे तिसरा टप्पाच पहिला येतो. प्रियकर आला, मग झोप लागू लागली. माझ्याकडे येणाऱ्या मुलींनी हे वाचून काय समजायचं? असा माणूस भेटलाच नाही तर? समुपदेशनाला अख्ख्या कादंबरीत जेमतेम एक पान आहे.

वाचनवेडी:
हे टप्पे सरळ रांगेत येत नाहीत, असं खुद्द हर्मन यांनीच सांगितलं आहे ना? आणि नायक येण्याआधीचा भाग पुन्हा बघा. ती स्वतःच्या पगारावर खोली घेते, दाराला आतून तिची स्वतःची कडी आहे. पॅकहाउसमधल्या मैत्रिणीला जेवणाच्या सुट्टीत ती पहिल्यांदा सगळं सांगते. ती मैत्रीण 'विसरून जा' म्हणत नाही, दुसऱ्या दिवशी तिच्या शेजारचीच जागा धरते. सुरक्षितता आधी तिथे आली. नायकाला तयार जमीन मिळाली.

गोदाकाठ:
२००७ च्या त्याच अभ्यासात लैंगिक अत्याचार सोसलेल्यांत ५२.९४ टक्के मुलगे होते. मी त्यांच्यातलाच एक. पुरुषाचं हे दुखणं घेऊन लिहिलेली प्रेमकथा माझ्या वाचनात आलेली नाही. मला त्या शिक्षकापेक्षा नायिकाच जास्त आपली वाटली. अंधारात कोणी नुसतं खांद्यावर हात ठेवला तरी ती दचकते, आणि नंतर माफी मागते. ती माफी मी पण मागत आलोय. समुपदेशक मॅडम, तुमच्याकडे यायचं धैर्य अशा पुस्तकातूनही येऊ शकतं.

समुपदेशक_इंदिरानगर:
दादा, तुम्ही हे लिहिलंत ते फार मोठं आहे. माफी मागण्यासारखं तुम्ही काही केलेलं नाही. बोलावंसं वाटेल तेव्हा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, मोफत आहे, मराठीत बोलता येतं. पुस्तक दारापर्यंत आणतं, हे तुमच्यामुळे मान्य करते. पण मग दार कुठे आहे ते त्या एका पानापेक्षा जास्त दाखवायला हवं होतं.

सिडकोकर:
गोदाकाठ दादांना नमस्कार. त्यांच्यासाठी पुस्तक उपयोगी पडलं असेल तर त्याला वाईट म्हणायला माझी जीभ रेटणार नाही.

तरीही बोहल्याच्या प्रसंगावर माझा राग कायम आहे. वाचनवेडीताईंना आई पाठीशी उभी राहिल्याचं कौतुक वाटतं. पण ती आई एकदाही 'मला माहीत होतं' असं तोंडाने म्हणत नाही. मंडपात उभी राहते, डोळे पुसते आणि लेखिका तिला सोडून देते. लेकीला तो शब्द मिळायला हवा होता, मंगलाष्टकांच्या आधी, मावश्यांच्या समोर. मावश्यांचीच नातवंडं दर मे महिन्यात त्या घरी जातात.