भाचीच्या गाण्याचं मास्टर (मूळ रेकॉर्डिंग) कंपनीला कायमचं द्यावं का? माझं मत: अजिबात नाही

लालबागचा_मामा:
मंडळी, मनापासून मतं द्या. भाची २३ वर्षांची आहे, स्वतः लिहिते, स्वतः चाल लावते, गाते मराठीत पण भावगीत नाही आणि लावणीही नाही, आत्ताचं पॉप, गिटार आणि लॅपटॉपवर केलेलं. रेकॉर्डिंग चाळीतल्या खोलीतच. दाराखिडक्यांना आजीच्या गोधड्या टांगायच्या, पंखा बंद, फ्रीजचा प्लग काढायचा आणि शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या संपेपर्यंत थांबायचं. असं केलेलं एक गाणं रिल्सवर बऱ्यापैकी चाललं आणि आता एका म्युझिक कंपनीचा करार आलाय. ते व्हिडिओ करणार, प्रमोशन करणार, बदल्यात हे गाणं आणि पुढची चार गाणी, मास्टर त्यांचं, कायमचं, जगभर, आज असलेल्या आणि पुढे निघतील त्या सगळ्या माध्यमांसाठी. मी म्हणतो सही करू नये. आम्ही गिरणगावातली माणसं, जागा एकदा हातची गेली की परत मिळत नाही हे इथल्या घराघराला माहितीय, आणि तिच्याकडे या गाण्यांशिवाय दुसरी काय इस्टेट आहे?

अंधेरी_साउंडवाला:
मामा, तुमची तळमळ कळते पण मी साफ विरोधात आहे. वर्षानुवर्षं स्टुडिओत काढलीयत. मास्टर घरात ठेवून करणार काय, जर कोणी ऐकतच नसेल तर? २०२४ पासून स्पॉटिफायवर एखाद्या गाण्याला १२ महिन्यांत १,००० स्ट्रीम झाले नाहीत तर त्याच्या रेकॉर्डिंगचा एक रुपया मिळत नाही. यूट्यूबवर जाहिरातीतला वाटा हवा तर १,००० सबस्क्रायबर आणि वर्षात ४,००० तासांचा वॉचटाइम, नाहीतर ९० दिवसांत शॉर्ट्सचे १ कोटी व्ह्यूज. आणि स्ट्रीमला ठरलेला दर नसतो, जमलेल्या पैशातून ऐकण्याच्या प्रमाणात वाटा पडतो, आपल्याकडे बहुतेक लोक फुकटात जाहिराती ऐकत ऐकतात त्यामुळे वाटायला रक्कमच थोडी. व्हिडिओ, लोकेशन, मेकअप, मिक्सिंग, जाहिराती, हे चाळीतलं घर कुठून करणार? पाच गाणी देऊ दे. लिहिणारी पोरगी आहे, अजून पन्नास लिहील. नाव झालं की लाइव्ह शो मिळतात, खरा पैसा तिथेच आहे.

कायद्याचं_बोला:
मी वकील आहे, कॉपीराइटची कामं करते. एक गोष्ट दोघांनीही नीट समजून घ्या. मास्टर वेगळं, गाण्याचे शब्द आणि चाल वेगळी. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर (जावेद अख्तर राज्यसभेत यासाठी उभे राहिले होते) गीतकार-संगीतकाराला रॉयल्टीतला आपला वाटा कंपनीला लिहून देताच येत नाही, आणि वाटा निम्मा असतो. करारात कितीही मोठ्या अक्षरात लिहिलं तरी तेवढ्यापुरतं ते चालत नाही. आयपीआरएस (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था) १९६९ पासून मुंबईतच आहे, तिथे तिने आधी मेंबर व्हावं. करारात मुदत लिहिली नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो, पण इथे "कायमचं" लिहिलंय म्हणजे ती वाट बंद. म्हणून मास्टर देऊच नका, काही वर्षांसाठी लायसन्स द्या, म्हणजे मालकी तिची, वापरायची परवानगी त्यांना.

अंधेरी_साउंडवाला:
ताई, कायदा बरोबर आहे हो, पण २३ वर्षांची मुलगी कंपनीच्या लीगल डिपार्टमेंटशी भांडणार कशी? जास्त ताणलं तर ते पुढच्या मुलीला फोन करतात, ती रांगेत उभीच असते, मी हे समोर बसून बघितलंय.

बोरिवली_स्लो:
साउंडवाले, "खरा पैसा लाइव्हमध्ये" हे मला पटत नाही. मुंबईत कुठे गाणार ती? धोबीतलावचं रंगभवन, जिथे रॉकवाल्यांनी उघड्यावर गाजवून सोडलं, ते सायलेन्स झोनमध्ये गेलं आणि तिथले कार्यक्रम बंद झाले. लोअर परेलचं ब्लू फ्रॉग, लाइव्ह गाण्याचा क्लब, २००७ ला सुरू झालं आणि २०१६ ला बंद पण झालं. आता खार-वांद्र्याच्या जागांमध्ये मराठीत स्वतःचं गाते म्हटलं की ओपन माइकला या म्हणतात, पैशाच्या नावाने बोंब, एक्सपोजर मिळेल म्हणे. नाट्यगृहात शनिवार-रविवार नाटकांचेच. गणपतीत मंडळांकडे पैसा असतो पण त्यांना ऑर्केस्ट्रा हवा आणि जुनी गाणी हवीत, आणि काही दिवस सोडले तर दहाला स्पीकर बंद. मग एवढं सगळं करून जर शेवटी हातात फक्त गाणंच उरणार असेल तर तेच का द्यायचं?

विरारची_आई:
माझी लेक पण गाते म्हणून लिहिते. कराराचं नंतर बघा, आधी सांगा मुलगी नोकरी करते का? नसेल तर लावा. घरात पगार येत असेल तरच माणूस अशा करारांना नाही म्हणू शकतो, नाहीतर पहिल्या चेकलाच हात थरथरतो आणि सही होते.

फक्त_गाणं:
काकू, आदर आहे पण विरार लोकलमध्ये जाऊन-येऊन साडेतीन तास घालवून रात्री नऊला घरी आलेल्या मुलीने गाणं कधी लिहायचं? मी नोकरी धरली आणि माझं लिहिणं संपलं. आणि कंपनीशिवाय होत नाही हे मला मान्यच नाही. कुर्ल्याच्या नेझीने पहिला रॅप आयपॅडवर केला. प्रतीक कुहाडचं गाणं २०१९ मध्ये ओबामांच्या आवडत्या गाण्यांच्या यादीत आलं, ते कुठल्या सिनेमातलं नव्हतं. आणि हिंदीत गा म्हणणाऱ्यांना सांगा, जळगावकडच्या संजू राठोडची गुलाबी साडी २०२४ मध्ये ज्यांना मराठीचा एक शब्द येत नाही त्यांच्याही रिल्सवर होती.

अंधेरी_साउंडवाला:
त्याच प्रतीकने २०२० मध्ये अमेरिकेच्या इलेक्ट्रा लेबलशी करार केला, ते पण सांगा ना! वर चढायला शिडी लागतेच.

लालबागचा_मामा:
करार करण्याला माझा विरोध नाहीच आहे. पण नाव झाल्यावर केलेला करार वेगळा आणि एक गाणं जरा चाललं म्हणून पुढची चार, जी अजून लिहिलीसुद्धा नाहीत, ती कायमची देणं वेगळं. विरारच्या ताई, ती परळला एका क्लासमध्ये शिकवते, फार नाही पण येतात पैसे. काल तिला हे सगळं वाचून दाखवलं. तिचं म्हणणं, हे एकच गाणं, पाच वर्षांचं लायसन्स, व्हिडिओचा खर्च त्यांनी गाण्याच्या कमाईतून आधी वसूल करावा आणि पुढची गाणी करारात नकोत.

अंधेरी_साउंडवाला:
पाच वर्षांना ते तयार होणार नाहीत, सात-दहा म्हणतील. सातवर येऊन थांबा. पण ते "कायमचं"वरच अडून बसले तर मी अजूनही म्हणतो, हे एक गाणं देऊन टाका. व्हिडिओ झालेलं गाणं आणि न झालेलं गाणं यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

लालबागचा_मामा:
सात चालेल. कायमचं नाही. वकीलताई, एक विचारायचं राहिलं, त्या गाण्याचं बीट (मागे वाजणारं संगीत) तिच्या मित्राने करून दिलंय, पैसे घेतले नाहीत, त्याचं काय?

कायद्याचं_बोला:
अहो मामा, हे पहिल्यांदा सांगायचं! कंपनीला उत्तर पाठवायच्या आधी कोणाचा किती टक्के वाटा ते एका कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या, मास्टरमधला आणि चालीतला वेगवेगळा. उद्याच घ्या, मैत्री चांगली आहे तोवर.