मदत हवी आहे: १९७० च्या मिनीचा मीटर क्लस्टर काढून नव्याने वायरिंग करायचंय, दोन्ही काटे वर का जातात?

मंडळी, गाडी १९७० ची मिनी १०००. डॅशबोर्डच्या मधोमध ते अंडाकृती पॅनेल (मीटर क्लस्टर) आहे, त्यात तीन मीटर: मधे स्पीडोमीटर, पेट्रोलचा काटा त्याच्याच पोटात, आणि दोन बाजूंना ऑईल प्रेशर व पाण्याचं तापमान. निगेटिव्ह अर्थ, म्हणजे बॅटरीचं ऋण टोक गाडीच्या पत्र्याला जोडलेलं. आधीच्या मालकाने डायनमो काढून अल्टरनेटर बसवलाय.

तक्रार अशी की टाकी अर्धी असली तरी पेट्रोलचा काटा फुलच्या पुढे जातो. तापमानाचा काटाही थोड्या वेळात लाल पट्ट्याला टेकतो, पण थर्मोस्टॅटच्या घरावर इन्फ्रारेड थर्मामीटर धरला तर ८५ अंशांच्या आसपासच येतं. इंजिन तापत नाहीये, एवढं नक्की. आणखी एक गंमत: हेडलाइट लावले की पॅनेलचे दिवे मंदावतात आणि इंडिकेटरचा दिवा उगाच मिणमिणतो.

बॉनेटच्या बाजूने हात घालून, आरसा धरून मागे डोकावलो. एका हिरव्या वायरीला दाबून बसवायचे निळे प्लास्टिकचे जोड लावून दोन फाटे काढलेत, त्यातला एक कुठेच जात नाही, टोकाला टेप. वायरींचं प्लास्टिक बल्बांजवळ इतकं कडक झालंय की वाकवलं की तडकतं. काळ्या अर्थ वायरीचं कडं एका रंगवलेल्या पत्र्यावर स्क्रूने आवळलंय, खाली रंग तसाच.

विचारायचंय ते असं. क्लस्टर बाहेर घेताना ऑईल प्रेशरची नळी न दुखावता कसा घ्यावा? व्होल्टेज स्टॅबिलायझर (मीटरना ठरावीक व्होल्ट देणारी डबी) गेलाय असं धरून थेट इलेक्ट्रॉनिक लावू का? आणि फक्त क्लस्टरचं वायरिंग बदललं तर पुरेल, की अख्खा लूम, म्हणजे गाडीभरच्या वायरींचा जुडगा, बदलावा लागेल? मल्टिमीटर आहे, सोल्डरिंग जमतं, घाई नाही.

बारा_व्होल्ट:
नवीन काही विकत घेण्याआधी तो रंगवलेला पत्रा खरवडा. अर्धं उत्तर तुम्हीच लिहून ठेवलंय.

एकच काटा चुकत असता तर मी सेंडर (टाकीत किंवा इंजिनवर बसून मीटरला माप कळवणारा भाग) किंवा त्याच्या वायरीकडे बोट दाखवलं असतं. दोन्ही काटे एकाच दिशेने चुकतात, म्हणजे दोघांना जे सामाईक आहे तिथे बघायचं. सामाईक आहे स्टॅबिलायझर. स्पीडोमीटरच्या पाठीवर ती छोटी पत्र्याची डबी दिसेल, एका बाजूला बी आणि दुसरीकडे आय. बी ला हिरवी वायर येते, आय मधून फिकट हिरवी-हिरवी पट्ट्याची वायर दोन्ही मीटरना जाते. आत द्विधातूची पट्टी असते, तिच्यावर तापकाची तार गुंडाळलेली. पट्टी तापली की वाकते, संपर्क तुटतो, थंड झाली की परत जुळतो. असं चालू-बंद करत सरासरी १० व्होल्ट पुढे जातात. पण त्या तापकाचा परतीचा रस्ता डबीच्या अंगातूनच आहे. अंगाला अर्थ नाही, की पट्टी तापत नाही, संपर्क सुटत नाही आणि मीटरना सरळ १२-१४ व्होल्ट मिळतात. मग दोन्ही काटे वर. हेडलाइट लावल्यावर पॅनेल मंदावणं हेही त्याच वाईट अर्थचं लक्षण.

तपासायला आय वर टेस्ट बल्ब लावा. किल्ली दिल्यावर काही क्षण सलग पेटेल, नंतर लुकलुकायला लागेल. लुकलुकला तर डबी जिवंत आहे. डिजिटल मल्टिमीटरचे आकडे नुसते उड्या मारतील, त्यावरून निष्कर्ष काढू नका.

गंजका_बोल्ट:
काढण्याबद्दल. बॅटरीची अर्थ केबल पहिली सोडा, बाकी सगळं नंतर. जुन्या लोकांनी अंगठी किंवा घड्याळाच्या पट्ट्याने शॉर्ट मारल्याच्या गोष्टी ऐकल्या असतीलच.

स्पीडोमीटरची केबल मागून दातेरी नटाने बसते, हाताने सुटते. पक्कड लावलीत तर नट लंबगोल होतो आणि मग काटा आयुष्यभर थरथरतो. ऑईल प्रेशरचं मीटर यांत्रिक आहे, नळीतून खरंखुरं तेल तिथवर येतं. इंजिन बंद असलं तरी युनियन (नळी मीटरला जोडणारा नट) सोडल्यावर थोडं ठिबकतं, खाली फडकं ठेवा. मीटरचं अंग एका पान्याने धरून दुसऱ्याने युनियन फिरवा, नाहीतर नळीला पीळ बसतो. युनियनच्या आत चामड्याचा छोटा वॉशर असतो, तो हमखास खाली पडून गालिच्यात हरवतो. परत बसवताना नवाच घाला.

बल्ब होल्डर नुसते दाबून बसवलेले असतात, ओढले की येतात. पण वायरीला धरून ओढू नका. प्रत्येकाला चिठ्ठी लावा. रंगावर विसंबणं आधीच्या मालकाच्या हातून गेलेल्या गाडीत धोक्याचंच.

चोकओढा:
अख्खा लूम बदला आणि मोकळे व्हा. पन्नास वर्षांच्या वायरीला ठिगळं लावून किती दिवस काढणार?

बारा_व्होल्ट:
चोकओढा, असहमत. आग लागल्याच्या खुणा नसतील आणि जाड तपकिरी वायरी लवचिक असतील तर डॅशबोर्डमागचा भाग तेवढा नवा करावा. अख्खा लूम काढला की जे चालत होतं तेही शोधत बसावं लागतं.

प्रश्नकर्ता:
पत्रा खरवडून उघड्या धातूवर अर्थ घेतला, स्टॅबिलायझरच्या अंगापासूनही एक काळी वायर थेट तिथेच आणली. टेस्ट बल्ब लुकलुकतो. पेट्रोलचा काटा अर्ध्यावर आला! तापमानाचा काटा मीटरच्या मधोमध. पॅनेलचे दिवे हेडलाइटबरोबर मंदावत नाहीत. मिणमिणणंही गेलं.

वायरिंग तरीही करणारच, ते तडकलेलं प्लास्टिक बघवत नाही. किती जाडीच्या वायरी घेऊ? आणि सगळे बल्ब एलईडी करून टाकू का?

बारा_व्होल्ट:
झकास. मीटर आणि दिव्यांना १४/०.३० ची, म्हणजे १ चौरस मिलिमीटरची वायर पुरते. रंग ल्यूकासचेच (मूळ वायरिंगच्या रंगांची पद्धत) ठेवा: पेट्रोलच्या सेंडरची हिरवी-काळी, तापमानाची हिरवी-निळी, पॅनेल दिव्यांची लाल-पांढरी, ऑईलच्या इशाऱ्याच्या दिव्याची पांढरी-तपकिरी, चार्जिंगच्या दिव्याची तपकिरी-पिवळी, हाय बीमची निळी-पांढरी. निळे दाबजोड सगळे काढून बुलेट कनेक्टर (गोळीच्या आकाराचे, खोबणीत बसणारे जोड) घाला. तो कुठेच न जाणारा फाटा मुळापासून तोडा.

फ्यूज बदलणार असाल तर एक लक्षात घ्या. जुन्या काचेच्या फ्यूजवर ३५ लिहिलं असतं ते वितळण्याचं मूल्य, सतत तो १७ अँपिअरच वाहतो. नवा पात्याचा ३५ चा घातलात तर फ्यूजच्या आधी वायर जळेल.

एलईडी पॅनेलच्या उजेडाला चालेल. चार्जिंगच्या दिव्याला मात्र साधा २.२ वॉटचाच ठेवा. अल्टरनेटरला सुरुवातीचा प्रवाह त्याच बल्बमधून मिळतो. एलईडीतून तो इतका कमी जातो की इंजिन बरंच रेस केल्याशिवाय चार्जिंग सुरूच होत नाही, आणि मग लोक चांगला अल्टरनेटर बदलतात.

गंजका_बोल्ट:
आणि क्लस्टर बाहेर आहे तोवर स्पीडोमीटरची आतली केबल ओढून पुसून घ्या. ग्रीस खालच्या दोन-तृतीयांश भागालाच, वरचा भाग कोरडा. वर लावलंत तर फिरता फिरता ते चढत मीटरच्या आत जातं.

प्रश्नकर्ता:
नोंद घेतली. चार्जिंगचा बल्ब काढून बघितला, आधीच्या मालकाने तिथे एलईडीच घातलाय! सकाळी पहिल्यांदा सुरू केल्यावर चार्जिंग उशिरा का येतं ते आत्ता कळलं. २.२ वॉटचा आणून लावतो आणि बॅटरीवर किती व्होल्ट येतात ते इथेच लिहितो.