प्रतिसाद: खत घालूनही गुलाबाची पानं पिवळी पडतात

आणखी खत नको. कोल्हापूरच्या पावसात कुंडीतल्या गुलाबाचा पिवळेपणा बहुतेकदा भुकेचा नसतो, मुळं गुदमरल्याचा असतो. नदीकाठची काळी माती गच्च बसते. तिच्याऐवजी दोन भाग पन्हाळ्याकडची तांबडी माती, एक भाग कुजलेलं शेणखत, एक भाग जाड वाळू घ्या. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, ओल धरून ठेवतं, म्हणून या हवेत नकोच. कुंडी थेट स्लॅबवर टेकली की तळाचं भोक बंद, म्हणून खाली विटांचे तीन तुकडे द्या. माती बदलायची ती उघडीप मिळाल्यावर. काळे ठिपके असतील तर मात्र ती बुरशी. ती पानं तोडून टाका, कंपोस्टात घालू नका. आणि पाचटाचं, म्हणजे उसाच्या वाळलेल्या पानांचं, आच्छादन उन्हाळ्यात उत्तम, जुलैत त्याखाली गोगलगायी जमतात.